स्वयंचलित लढाऊ शॉटगन : यंत्र सिद्ध झाले, तरी सैन्यांनी ते का स्वीकारले नाही?

माहुली (धागाकर्ता)

पायदळाच्या शस्त्रांच्या इतिहासातील एका प्रकरणाचा मी बराच काळ अभ्यास करतो आहे आणि त्यातील एका प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही. चाप दाबून धरला की छर्‍यांची काडतुसे एकामागून एक झाडत राहणारी बंदूक बनवण्याचे प्रयत्न १९६० च्या दशकापासून गंभीरपणे सुरू झाले. व्हिएतनाम युद्धाच्या काळात रेमिंग्टन कंपनीने आपल्या १९६३ च्या '११००' या शिकारी बंदुकीवरून '७१८८' ही स्वयंचलित बंदूक अमेरिकन नौदलाच्या 'सील' या विशेष पथकांसाठी तयार केली. १९७२ मध्ये मॅक्सवेल अ‍ॅचिसन यांनी स्वतःचा नमुना बनवला. १९८० च्या दशकात अमेरिकन सैन्याने निकटच्या लढाईसाठी 'कॉज' नावाचा कार्यक्रम हाती घेतला, जॉन अँडरसन यांनी 'जॅकहॅमर' बनवली, आणि दक्षिण कोरियातील देवू कंपनीत 'युसास-१२' चे उत्पादन सुरू झाले. अ‍ॅचिसन यांच्या नमुन्याचे हक्क १९८७ मध्ये जेरी बेबर यांनी घेतले आणि पुढे त्यातून 'एए-१२' घडली.

इतके होऊनही कोणत्याही मोठ्या सैन्याने अशी बंदूक आपल्या पायदळाचे नियमित शस्त्र म्हणून घेतली नाही. माझे मत असे आहे, की यात शस्त्रापेक्षा सैन्यांच्या सवयीचा दोष अधिक आहे. १९४८ ते १९६० या काळात मलायाच्या जंगलात ब्रिटिशांनी साध्या आणि अर्धस्वयंचलित (चापाच्या एका दाबात एकच बार, पण पुढचे काडतूस आपोआप भरले जाते अशा) शॉटगन वापरल्या, आणि अगदी जवळच्या अंतरावर शत्रूला छर्रा लागण्याची शक्यता रायफलच्या गोळीपेक्षा अधिक असते, हे तेथे स्पष्ट दिसले. ज्या शस्त्राचा एक बार इतका परिणामकारक ठरतो, त्याचे पाच बार एका सेकंदात झाडता येत असतील, तर ते नाकारण्याचे सबळ कारण कोणते? जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

वर्तुळमध्य

धाग्याचा विषय आवडला. मी यंत्र अभियंता आहे आणि स्प्रिंगांच्या रचनेशी माझा रोजचा संबंध येतो, त्यामुळे प्रथम यंत्राविषयी लिहितो.

या प्रश्नाचा गाभा संवेगात, म्हणजे वजन आणि वेग यांच्या गुणाकारात, आहे. बारा बोअरच्या लढाऊ काडतुसात साधारण ८.४ मिलिमीटर व्यासाचे नऊ छर्रे असतात. एका छर्‍याचे वजन साडेतीन ग्रॅम धरले, तर नऊ छर्‍यांचे साडेएकतीस ग्रॅम होते, आणि ते नळीतून सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने बाहेर पडतात. याउलट ५.५६ मिलिमीटर रायफलची गोळी चार ग्रॅमची असते आणि तिचा वेग सेकंदाला ९०० मीटरहून थोडा अधिक असतो. गुणाकार केला, तर छर्‍यांचा संवेग रायफलच्या गोळीच्या तिपटीहून अधिक भरतो. दोघांची ऊर्जा एकमेकींपासून फार दूर नाही. खांद्यावर बसणारा धक्का मात्र संवेगावर ठरतो. असा धक्का एका सेकंदात पाच वेळा बसला, की दुसर्‍या बारापासूनच नळी वर चढू लागते.

अ‍ॅचिसन यांची खरी कल्पकता येथे दिसते. त्यांनी जड बोल्टाला, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी असलेल्या सरकत्या तुकड्याला, लांब प्रवास दिला आणि तो पुढे सरकत असतानाच काडतूस पेटेल अशी रचना केली, म्हणजे स्फोटाचा बराचसा जोर बोल्टाची पुढची गती थांबवण्यातच खर्च होतो. मागे येणारा बोल्ट शेवटी कशावरही आदळत नाही. स्प्रिंग त्याला हळूहळू थांबवते. त्यामुळे खांद्याला ठोसा बसत नाही, एक लांबलेला दाब जाणवतो. बेबर यांनी पुढे अनेक वर्षे या रचनेवर काम केले, झोतवायूवर (बाराच्या वायूच्या जोरावर) चालणारी आणि कोठी, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, बाराच्या वेळी बंद ठेवणारी यंत्रणा बसवली, आणि वेग मिनिटाला ३०० बारांच्या आसपास ठेवला. दूरचित्रवाणीवर ही बंदूक एका हातात धरून सलग झाडताना अनेकांनी पाहिली असेल. त्यात काही हातचलाखी नव्हती. माझ्या मते यंत्राचा प्रश्न सुटला होता, म्हणून अडचण दुसरीकडे शोधावी लागेल.

निवृत्त_तोफची

वर्तुळमध्य यांनी खांद्यावरचा भार सांगितला, मी पाठीवरचा सांगतो. बारा बोअरचे एक लढाऊ काडतूस पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅमचे असते, तर ५.५६ चे सुमारे बारा ग्रॅमचे. वीस काडतुसांचे गोल मॅगझिन भरले, की नुसत्या काडतुसांचेच वजन एक किलोच्या घरात जाते आणि मिनिटाला ३०० बारांच्या वेगाने ते चार सेकंदांत रिकामे होते. तेवढ्याच वजनात रायफलधारी जवान ऐंशी गोळ्या बाळगतो. युसास-१२ तर रिकामीच साडेपाच किलोची आहे.

गस्तीवर निघालेला जवान पाणी, शिधा, वायरलेसची बॅटरी, हातबाँब आणि प्रथमोपचार साहित्य बरोबर घेऊन चालतो. त्याला असे शस्त्र दिले, की जे केवळ तीस-चाळीस मीटरपर्यंत उपयोगी आहे आणि ज्याचा दारूगोळा दुसर्‍या कोणाला वापरता येत नाही, तर त्याच्या तुकडीची ताकद वाढते की घटते, याचा विचार तुकडीच्या नायकाला करावा लागतो. ती घटते, असे माझे स्पष्ट मत आहे. याला सवयीचा दोष म्हणणे सैन्यांवर अन्याय करणारे आहे.

माहुली

तोफची साहेब, वजनाचा मुद्दा मान्य आहे. परंतु तो हलक्या मशीनगनलाही लागू होतो आणि तरीही प्रत्येक तुकडीत मशीनगन असते. प्रत्येकाच्या हाती शॉटगन द्यावी असे मी म्हणत नाही. नऊ-दहा जणांच्या तुकडीत सर्वांत पुढे चालणार्‍या एका जवानाकडे ती असावी, एवढेच माझे म्हणणे आहे. व्हिएतनाममध्ये वाट काढत पुढे जाणार्‍या सैनिकाकडे इथाका ३७ किंवा रेमिंग्टन ८७० असे, ते याच कारणाने.

निवृत्त_तोफची

पुढे चालणार्‍या एका जवानाकडे शॉटगन असावी, यावर आपले एकमत आहे. ती स्वयंचलित का असावी, हा आपल्या धाग्याचा प्रश्न आहे. मशीनगन सहाशे-आठशे मीटरवरील शत्रूला डोके वर काढू देत नाही, म्हणून तिचे वजन आम्ही वाहून नेतो. चाळीस मीटरवर पहिल्या बारातच निकाल लागतो. तो लागला नाही, तर दुसरा बार नेम धरून टाकावा लागतो.

लिएजवासी

गेली अनेक वर्षे मी बेल्जियममध्ये लिएज शहरात राहतो. येथून जवळच एर्स्ताल येथे एफएन या कंपनीचा कारखाना आहे आणि या विषयाची सुरुवात एका अर्थाने तेथेच झाली, म्हणून थोडे मागे जाऊन लिहितो.

जॉन ब्राउनिंग यांनी १९०० च्या सुमारास पहिली यशस्वी अर्धस्वयंचलित शॉटगन तयार केली. तिच्यात बार झाल्यावर नळी आणि बोल्ट एकत्रच पूर्ण मागे जातात, मग नळी पुढे येते आणि तिच्या मागोमाग बोल्ट नवे काडतूस घेऊन येतो. ब्राउनिंग यांना या बंदुकीसाठी एकरकमी किंमत नको होती, विक्रीवर मानधन हवे होते. विंचेस्टर कंपनीने ते नाकारले. मग ते रेमिंग्टनकडे गेले, आणि जानेवारी १९०२ मध्ये तेथे भेटीसाठी थांबलेले असतानाच कंपनीचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांचे हृदयविकाराने निधन झाले. त्यानंतर ब्राउनिंग युरोपात आले आणि एफएनशी त्यांचा करार झाला. 'ऑटो-५' या नावाने प्रसिद्ध झालेली ती बंदूक विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बनत राहिली. माहुली यांनी उल्लेख केलेल्या मलायातील मोहिमेत ब्रिटिशांनी वापरलेल्या शॉटगनमध्ये हीच बंदूक होती.

मला लक्षात आणून द्यायचे आहे ते असे, की १९०२ मध्ये अर्धस्वयंचलित रचना हाताशी असूनही १९१८ मध्ये अमेरिकन सैन्य फ्रान्सच्या खंदकांत उतरले, तेव्हा त्याने नेली ती विंचेस्टरची १८९७ सालची पंपाची बंदूक. तीही ब्राउनिंग यांचीच रचना. तिच्यात चाप दाबून धरला आणि नुसता पंप पुढेमागे केला, तरी प्रत्येक वेळी बार होत असे. सहा बार काही सेकंदांत संपत. चिखलाने भरलेल्या खंदकात हाताच्या जोरावर चालणारे यंत्र अधिक भरवशाचे होते. तेव्हा झालेली ही निवड पुढे वारंवार झालेली दिसते.

त्याच बंदुकीवरून जर्मनीने १९ सप्टेंबर १९१८ रोजी औपचारिक निषेध नोंदवला. अनावश्यक यातना देणारी शस्त्रे वापरू नयेत, या युद्धविषयक हेग नियमांतील २३ (इ) या कलमाचा आधार घेऊन, अशा बंदुकीसह किंवा तिच्या काडतुसांसह पकडल्या गेलेल्या कैद्याला देहदंड दिला जाईल, असे त्यात म्हटले होते. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लान्सिंग यांनी हा आक्षेप फेटाळला आणि एकाही कैद्याला तशी शिक्षा झाली, तर प्रत्युत्तर दिले जाईल, असे कळवले. नोव्हेंबरात युद्धच थांबले.

दापोलीकर

माझा शेतीचा अनुभव लिहितो, कारण तो या विषयाशी जोडलेला आहे. आमच्या घरी पीक-संरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची एकनळी बंदूक आजोबांच्या काळापासून आहे. रानडुकरे भातात शिरली, की रात्री मचाणावर बसावे लागते. जुनी काडतुसे कागदी पुठ्ठ्याची असत. आमच्या कोकणातल्या पावसाळ्यात ती ओल धरून फुगत आणि नळीत बसत नसत. बसलीच, तर बार झाल्यावर निघत नसत. म्हणून आजोबा ती चुलीवरच्या उतवीत, धुराच्या उबेत ठेवत. पुढे प्लॅस्टिकची काडतुसे आली आणि ती अडचण संपली. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनलेली बारा बोअरची काडतुसे आमच्याकडे सर्रास वापरली जातात.

फ्रान्सच्या खंदकांत अमेरिकन सैनिकांची काडतुसेही कागदीच होती काय?

लिएजवासी

होय, आणि तेथेही हीच तक्रार होती. खंदकातील ओलीने कागदी काडतुसे फुगत, म्हणून संपूर्ण पितळी काडतुसे बनवण्याचा निर्णय झाला. दुसर्‍या महायुद्धात अमेरिकन सैन्याने 'एम-१९' नावाचे पितळी काडतूसच घेतले. काडतुसाचा हा धागा पुढच्या चर्चेतही पकडून ठेवावा, असे मला वाटते.

उडती_तबकडी

मी ट्रॅप नेमबाजी, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्यांवर शॉटगनने नेमबाजी, करते. आमच्या स्पर्धेच्या काडतुसात चोवीस ग्रॅम छर्रे असतात, म्हणजे वर्तुळमध्य यांनी सांगितलेल्या लढाऊ काडतुसापेक्षा कितीतरी हलका भार, आणि तरीही दिवसभराच्या सरावानंतर खांदा दुखतो.

शॉटगनविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो, की ती साधारण दिशेने रोखली तरी पुरते. छर्रे किती पसरतात, याचा ढोबळ हिशेब एका यार्डामागे एक इंच असा सांगितला जातो. दहा मीटरवर तो फेर जेमतेम वीतभर असतो. नेम हुकला, तर नऊच्या नऊ छर्रे हुकतात. चाळीस मीटरवर फेर मीटरभराचा होतो, पण त्यात छर्रे नऊच असल्याने मधल्या मोकळ्या जागा मोठ्या होतात. त्याहून दूर गेले, की गोल छर्र्‍याचा वेगही झपाट्याने उतरतो, कारण गोल आकार हवेला फार विरोध करतो. म्हणजे खूप जवळ नेम आवश्यक आहे आणि खूप दूर नेम निरुपयोगी आहे. मधला एक छोटा पट्टाच शॉटगनचा आहे. स्वयंचलित मार्‍याने हा पट्टा एक मीटरही लांबत नाही. माहुली यांच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर हे आहे.

वर्तुळमध्य

उडती_तबकडी यांनी अचूक जागेवर बोट ठेवले. यंत्राचा प्रश्न सुटला असे मी वर म्हटले, त्याला एक जोड देतो : काडतुसाचा प्रश्न सुटला नव्हता.

बारा बोअर हे नाव ज्या मापावरून आले, ते माप एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्यांचे आहे आणि त्यातून नळीचा साडेअठरा मिलिमीटर व्यास येतो. काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. दुनळीत ते काडतूस हाताने भरायचे असल्याने ही कडा सोयीची आहे. पण तीच काडतुसे उभ्या पेटीवजा मॅगझिनमध्ये एकावर एक रचली, की एकीची कडा दुसरीत अडकण्याचा धोका असतो. शिवाय कवच प्लॅस्टिकचे. स्प्रिंगेच्या दाबाखाली ते बरेच दिवस राहिले, तर किंचित चपटे होते आणि मग कोठीत शिरताना अडते. काडतूस मऊ, जाड, आखूड आणि बोथट तोंडाचे. त्याला वेगाने भरवणे हे रायफलचे निमुळते पितळी काडतूस भरवण्यापेक्षा फार कठीण काम आहे. रेमिंग्टन ७१८८ नळीखालच्या मॅगझिनवर चालत असे, त्यात आठ काडतुसे मावत आणि मिनिटाला सुमारे ४२० बारांच्या वेगाने ती सेकंदाहून थोड्याच अधिक वेळात संपत. त्यानंतर एकेक काडतूस बोटाने भरत बसावे लागे. चिखल आणि धुळीत ती अडकत असे, ते वेगळेच.

कोरांटी

जॅकहॅमरविषयी कोणी लिहील का? संगणकीय खेळांतून ती बंदूक जगभर माहीत झाली, म्हणून ती सैन्यात वापरात होती असाच बहुतेकांचा समज आहे.

माहुली

जॅकहॅमर कधीच कोणत्याही सैन्यात नव्हती. तिचे मोजकेच नमुने बनले. कोरियन युद्धात लढलेल्या अँडरसन यांना पंपाची शॉटगन वापरण्याचा अनुभव होता, आणि हाताने पंप न करता तोच मारा करता यावा, हा त्यांचा हेतू होता. वर्तुळमध्य यांनी सांगितलेली काडतुसे भरवण्याची अडचण अँडरसन यांनी मुळातूनच टाळली. त्यांनी रिव्हॉल्व्हरसारखे दहा काडतुसांचे फिरते नळकांडे घेतले. बार झाला, की नळी पुढे सरकते, नळकांडे मोकळे होते आणि त्याच्यावर कोरलेल्या नागमोडी खोबणीमुळे एक घर पुढे फिरते. काडतूस बाहेर काढायचेच नाही, ते तेथेच राहते. दहा संपली, की संपूर्ण नळकांडे टाकून दुसरे बसवायचे. वेग मिनिटाला २४० बार. बाह्यांग बहुतांशी कणखर प्लॅस्टिकचे होते, जे १९८४ च्या सुमारास धाडसाचे पाऊल होते.

ती नागमोडी खोबणी अँडरसन यांच्या आधी सुमारे नव्वद वर्षे जॉर्ज फॉसबेरी यांनी आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये वापरली होती. फॉसबेरी हे बंगालच्या सैन्यातील अधिकारी. १८६३ च्या अंबेला मोहिमेत वायव्य सरहद्दीवर त्यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. नळीच्या तोंडाशी असलेल्या थोड्याशाच भागात गोळीला फिरकी देणारे आटे असलेली 'पॅराडॉक्स' ही बंदूकही त्यांचीच. एकाच नळीतून छर्रेही झाडावेत आणि गोळीही नेमकी जावी, हा तिचा उद्देश होता. शॉटगनचा छोटा पट्टा लांबवण्याची धडपड किती जुनी आहे, हे यावरून कळते.

निवृत्त_तोफची

जॅकहॅमरची कल्पकता मान्य; परंतु रणांगणावर हाती पडलेली सुटी काडतुसे तिच्यात पटकन भरता येत नसतील आणि भरलेली नळकांडी पाठीवर घेऊन फिरावे लागत असेल, तर ते शस्त्र प्रदर्शनातच शोभते.

नेत्रपल्लवी

मी नेत्रशल्यचिकित्सक आहे. आतापर्यंतची चर्चा 'शत्रूला छर्रा लागण्याची शक्यता' या मोजमापावर चालली आहे. ज्याला लागू नये त्याला लागण्याची शक्यता किती, हेही त्याच मोजमापाचे दुसरे अंग आहे, आणि ते येथे नोंदवले गेले पाहिजे, असे मला तीव्रतेने वाटते.

जम्मू-काश्मीरमध्ये २०१० पासून जमाव पांगवण्यासाठी पंपाच्या बारा बोअर बंदुका वापरल्या गेल्या. त्यांच्या काडतुसांत लढाईच्या नऊ छर्‍यांऐवजी अतिशय बारीक आणि शेकडो छर्रे होते. २०१६ मध्ये तेथे शेकडो माणसांच्या डोळ्यांना इजा झाली आणि त्यांत लहान मुलेही होती. असा छर्रा बुबुळातून शिरतो, मागच्या पडद्याला भोक पाडून डोळ्याच्या खाचेत जाऊन बसतो, आणि तो काढता आला, तरी दृष्टी परत येईलच असे नाही. ती बंदूक प्रत्येक बाराला हाताने पंप करावी लागणारी होती आणि ती वापरणार्‍याला दोन बारांमध्ये विचार करायला क्षणभर मिळत होता, तरीही हे घडले. छर्रे पसरतात, हेच या शस्त्राचे सामर्थ्य असेल, तर एका सेकंदात पाच वेळा पसरणार्‍या छर्‍यांनी गल्लीत, घरात, दारामागे उभ्या असलेल्या निरपराध माणसाचे काय होईल? निकटची लढाई बहुतेक वेळा वस्तीतच होते.

माहुली

आपला मुद्दा फार मोलाचा आहे. मलायाच्या जंगलातील अनुभव वस्तीतल्या लढाईला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे खरे आहे. परंतु जंगल आणि बोगदा ही दोन ठिकाणे तरी माझ्या प्रश्नात शिल्लक राहतात.

कलम_दोन

कायद्याच्या बाजूने थोडे. भारतात केंद्र सरकारच्या विशेष परवानगीशिवाय अशी स्वयंचलित बंदूक खासगी हाती असू शकत नाही, अशीच तरतूद आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मधील 'निषिद्ध शस्त्रे' या व्याख्येचा गाभा असा आहे, की चापावर दाब दिला असता, तो दाब काढेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत ज्यातून मारा सुरू राहतो, ते शस्त्र निषिद्ध होय. दापोलीकर यांच्या एकनळीला परवाना मिळतो. एए-१२ ला तसा साधा परवाना मिळणार नाही.

अमेरिकेत बाब वेगळ्या मार्गाने गेली. युसास-१२ ची केवळ अर्धस्वयंचलित आवृत्ती तेथे नागरिकांसाठी आली होती, आणि १९९४ मध्ये तेथील अर्थखात्याने तिला शिकारीसाठी किंवा खेळासाठी योग्य नसलेले, मोठ्या व्यासाचे 'विध्वंसक साधन' ठरवले. सैन्यांकडून मोठी मागणी नाही आणि नागरी बाजारही बंद, अशा स्थितीत कोणता कारखाना अशा बंदुकीवर पुढे खर्च करील? या शस्त्राच्या विकासाला ओहोटी लागण्यात या निर्णयाचाही वाटा आहे, असे मला वाटते.

लिएजवासी

कलम_दोन यांच्या मुद्द्याला जोडून 'कॉज' कार्यक्रमाबद्दल लिहितो, कारण माझ्या मते या सगळ्या इतिहासातील सर्वांत विचारपूर्वक केलेला प्रयत्न तोच होता आणि त्याचे अपयशही सर्वांत बोधक आहे.

१९५२ मध्ये नॉर्मन हिचमन यांनी अमेरिकन सैन्यासाठी लिहिलेल्या अहवालात असे दाखवले होते, की प्रत्यक्ष लढाईत सैनिक फार लांबच्या शत्रूला क्वचितच नेमके टिपतो; म्हणून एकाच चापाबरोबर अनेक गोळ्या थोड्याशा पसरून गेल्या, तर लागण्याची शक्यता वाढेल. या विचारातून पुढे बरेच प्रयोग झाले. 'कॉज' ची मांडणी करणार्‍यांना उडती_तबकडी यांनी सांगितलेला छोटा पट्टा ठाऊक होता आणि तो दीडशे मीटरपर्यंत लांबवणे, हेच त्यांचे उद्दिष्ट होते. त्यासाठी त्यांनी बंदुकीआधी काडतूस बदलले. हेक्लर अँड कॉख आणि ऑलिन यांच्या जोडीने पितळी कवचाचे नवे काडतूस बनवले. त्यात शिशापेक्षा घन असलेल्या टंगस्टन मिश्रधातूचे छर्रे होते, वेग सेकंदाला ५०० मीटरच्या पुढे नेला होता, आणि काडतुसाच्या बुडाजवळ मुद्दाम एक उंचवटा ठेवला होता, जेणेकरून इतक्या दाबाचे काडतूस चुकून कोणाच्या साध्या शिकारी बंदुकीत शिरू नये. बंदुकीत मॅगझिन चापाच्या मागे, दस्त्यात होते, आणि त्यात दहा काडतुसे मावत. एएआय या दुसर्‍या कंपनीने छर्‍यांऐवजी पोलादी बाणांची काडतुसे घेतली.

तंत्र चालले, परंतु कार्यक्रम बंद झाला. पुढे १९९८ मध्ये अमेरिकन सैन्याने नव्या लढाऊ शॉटगनसाठी स्पर्धा मांडली, तेव्हा निवडली गेली ती इटलीच्या बेनेलीची एम-४, आणि १९९९ पासून ती 'एम-१०१४' या नावाने मरीन दलात दाखल झाली. ती झोतवायूवर चालणारी, अर्धस्वयंचलित आणि साधेच बारा बोअरचे काडतूस खाणारी आहे. स्वयंचलितपणाची अटच घातली गेली नव्हती.

उडती_तबकडी

युक्रेनमधील युद्धामुळे हा विषय पुन्हा जिवंत झाला आहे, त्याचा उल्लेख करते. तेथे दोन्ही बाजूंचे सैनिक छोट्या ड्रोनपासून बचावासाठी शॉटगन बाळगू लागले आहेत. अंगावर झेपावणारा ड्रोन म्हणजे जवळजवळ आमची तबकडीच. फरक एवढा, की आमची तबकडी दूर जाते आणि ठरावीक मार्गाने जाते, तर ड्रोन वळतो आणि जवळ येतो. येथे काडतूस नऊ मोठ्या छर्‍यांचे चालत नाही, बारीक आणि पुष्कळ छर्‍यांचे लागते, कारण पाते किंवा मोटार मोडायला फार जोर लागत नाही. छर्रा लागणे महत्त्वाचे असते.

दापोलीकर

मग येथे तरी स्वयंचलित बंदूक उपयोगी पडेल का? ड्रोन दोन-तीन सेकंदांत अंगावर येतो, असे वाचले आहे.

उडती_तबकडी

माझे उत्तर नाही असेच आहे. उडत्या लक्ष्यावर नळी त्याच्या मार्गाने फिरवत नेऊन, त्याच्या किंचित पुढे ठेवून बार टाकावा लागतो. पहिल्या बारानंतर नळी पुन्हा त्या मार्गावर आणल्याशिवाय दुसरा बार व्यर्थ जातो, आणि स्वयंचलित मार्‍यात नळी परत आणायला पाव सेकंदही मिळत नाही. अर्धस्वयंचलित बंदुकीत मात्र नेम जुळला, की लगेच चाप दाबता येतो. माझा अनुभव मैदानावरचा आहे, खंदकातला नाही. पण सैनिकांनी तेथे अर्धस्वयंचलित बंदुकाच पसंत केल्या आहेत, ही गोष्ट मला स्वाभाविक वाटते.

माहुली

सर्व प्रतिसाद पुन्हा एकदा नीट वाचले. सैन्यांच्या सवयीचा दोष सर्वाधिक, हे माझे मत आता मी मर्यादित करतो. मात्र पूर्णपणे सोडत नाही, कारण 'कॉज' चे काडतूस दीडशे मीटरपर्यंत परिणामकारक होणार असेल, तर उडती_तबकडी यांचा छोटा पट्टा लांबत होता आणि तोफची साहेबांचा मुख्य आक्षेपही बराच सौम्य होत होता. मग ते काडतूस सोडून जुन्याच काडतुसाकडे परत का जावे? मूळ प्रश्न आता माझ्यासाठी एवढाच उरला आहे.

वर्तुळमध्य

त्याचे उत्तर मला अर्थकारणात दिसते. बारा बोअरचे काडतूस जगात जवळजवळ प्रत्येक देशात बनते. दापोलीकर यांच्या घरातले काडतूस, उडती_तबकडी यांचे स्पर्धेचे काडतूस, कुलूप उडवण्याचे पोलिसी काडतूस आणि एम-१०१४ चे लढाऊ काडतूस, ही सर्व मूलतः एकाच मापाच्या नळीत चालतात. कारखान्यात छर्रे आणि दारूचे प्रमाण बदलले, की त्याच बंदुकीचे काम बदलते. शॉटगनची खरी ताकद या लवचीकपणात आहे. 'कॉज' चे काडतूस वेगळे झाले, त्यात महाग टंगस्टन आले, ते मुद्दाम इतर बंदुकांत न बसणारे केले गेले, आणि त्या क्षणी ही ताकद संपली. त्यानंतर ते शस्त्र इतर शॉटगनशी स्पर्धा करत नव्हते, रायफलशी करत होते, आणि दीडशे मीटरवर रायफल हलकी, स्वस्त व अधिक अचूक आहे. साधे काडतूस ठेवावे, तर स्वयंचलितपणाला वाव नाही. काडतूस बदलावे, तर शॉटगन घेण्याचे कारण उरत नाही.

निवृत्त_तोफची

वर्तुळमध्य यांच्या विवेचनाशी सहमत आहे, आणि पुरवठ्याच्या बाजूने एक भर घालतो. तुकडीत नवीन मापाचा दारूगोळा आला, की त्याचा वेगळा साठा, वेगळी नोंद, वेगळी वाहतूक आणि वेगळे प्रशिक्षण आलेच. एका तुकडीतील एका जवानासाठी हे सर्व उभे करण्यास कोणताही पुरवठा अधिकारी तयार होणार नाही. एम-१०१४ वाल्या जवानाची काडतुसे संपली, तर त्याला पोलीस ठाण्यातून किंवा एखाद्या शेतकर्‍याच्या घरातूनही ती मिळू शकतात. 'कॉज' च्या जवानाला ती केवळ आपल्याच तळावर मिळाली असती.

माहुली

बोगद्यांतील लढाईचा कोणाचा अभ्यास असेल, तर त्यांनी अवश्य लिहावे. व्हिएतनाममधील बोगद्यांत उतरणारे सैनिक शॉटगनऐवजी पिस्तूल आणि टॉर्च घेऊन जात, एवढे मला माहीत आहे, आणि अगदी अरुंद जागेतही लांब नळीचे शस्त्र नको वाटत असेल, तर माझ्या दोन ठिकाणांपैकी एकच शिल्लक राहते.